गोरोंगोरोला पहिल्यांदा जाताय ना?

पहिलीच सफारी आणि थेट टांझानियातलं गोरोंगोरो, म्हणजे खचलेल्या ज्वालामुखीचं ते प्रचंड विवर, नशीबवान आहात. पण आधीच सांगतो, तळात उतरल्यावर जिराफ शोधत बसू नका. कडे इतके उभे आहेत की ते खाली येत नाहीत. वर किंवा सेरेंगेटीच्या वाटेवर भेटतील. खाली पाहायचा तो काळा गेंडा. सुमारे २६० चौरस किलोमीटरच्या त्या वाटीत तो लांबवर दगडासारखा पडलेला असतो. ‘दगडच आहे, चला’ म्हणून आपण निघणार, तेवढ्यात कान हलतो! म्हणून चांगली दुर्बीण घ्या, कॅमेऱ्यापेक्षा तीच जास्त कामाला येते.

स्वेटर न्याच. आफ्रिका म्हणून मी नुसते सुती शर्ट भरले होते. काठ २,२०० मीटरच्या वर, त्यात पहाटेचं धुकं. पहिला तास हात काखेत घालून बसलो.

तळातल्या लेराई जंगलाच्या पिवळ्या खोडांच्या बाभळींत मोठ्या सुळ्यांचे म्हातारे हत्ती फिरतात. तिथे इंजिन बंद करायला सांगा आणि घाई करू नका. मगादी तळ्यावर फ्लेमिंगो दिसले तर दिसले, सगळा पाण्याचा खेळ.

दुपारचा डबा बहुतेक न्गोइतोकितोक झऱ्यापाशी उघडतात. पाण्यात पाणघोडे, डोक्यावर घारी. माझ्या हातातलं सँडविच घारीने असं उचललं की बोटावर फक्त ओरखडा उरला. तेव्हापासून मी धपाटे नेतो आणि काचा लावून गाडीतच खातो.