लालबागच्या भारतमाता टॉकीजचा इतिहास काय आहे? तिथे फक्त मराठीच पिक्चर का लागायचे?

थोडक्यात सांगतो. भारतमाता हे स्वातंत्र्याच्या आधीपासूनचं थिएटर, पूर्वी त्याचं नाव लक्ष्मी होतं. जागा मुळात इंडिया युनायटेड मिलची, म्हणजे मालकी गिरणीची आणि थिएटर चालवणारे वेगळे, आणि पुढे गिरणी सरकारी एनटीसीकडे (नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशनकडे) गेल्यावर जागा खाली करा म्हणून जो कोर्टकज्जा सुरू झाला तो कित्येक वर्षं चालला.

मराठी पिक्चरचं कारण साधं आहे, आजूबाजूला सगळा गिरणगाव, चाळीत राहणारा कोकणातला नाहीतर घाटावरचा माणूस, पहिली पाळी सुटली की केसात कापसाचे तंतू, हातात रिकामा डबा आणि तसाच तिकिटाच्या लायनीत उभा. तमाशापट असो नाहीतर दादा कोंडके, पब्लिक ठरलेलंच. दादरला कोहिनूर थिएटरमध्ये 1971 ला दादांचा 'सोंगाड्या' लागण्यासाठी शिवसेनेला उतरावं लागलं होतं, इथे मराठी पिक्चरला तसली भांडाभांडी करावी लागायची नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीचेक लाख कामगार घरी बसले आणि खरा फटका तिथून. नंतर मॉल, मल्टिप्लेक्स, टॉवर (तिथल्या एका तिकिटात इथे अख्खं घर पिक्चर बघून आलं असतं 😅). तरी बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर अजून 'चला, भारतमाता उतरा' असंच ओरडतो, स्टॉपला नावच ते पडलंय.