पाय दुखणं वेगळं, जीव विटणं वेगळं

"मॅडम, सरकारी नोकरी आहे, पगार वेळेवर होतो, मग कशातच मन का लागत नाही?" ट्रॅफिक पोलीस माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा प्रश्न हाच असतो, फक्त चौक बदलतो. म्हणून पुण्यातल्या एका हवालदारांबद्दल लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदलून.

बायकोने ओढून आणलेलं. पहिली दोन सेशन्स मी नुसतं ऐकलं, हॉर्न, धूर, विसर्जनाचा चोवीस तासांच्या वर चाललेला बंदोबस्त, अडवलं की मोबाइल काढून शूटिंग करणारे लोक. मग म्हणाले, "शंभर जणांना चलन करा, एकशे एकावा राँग साइडने येतोच. माझ्याने काय होतंय?"

दुखणं इथे होतं. नुसता थकवा असता तर वीकली ऑफला झोपून गेला असता.

चौथ्या वेळी विचारलं, "आज मी होतो म्हणून निभावलं, असं शेवटचं कधी वाटलं?" बराच वेळ गप्प. मग पावसातली एक संध्याकाळ निघाली, लाइट गेलेली, सिग्नल बंद, मधे ॲम्ब्युलन्स अडकलेली. "आधी पीएमपी मागे घेतली, मग डावी बाजू सोडली..." सांगता सांगता हात वर गेले, माझा पेनस्टँड बस झाला, पाण्याचा ग्लास ॲम्ब्युलन्स.

"त्या रात्री घरी काय केलंत?"

"पाय सुजलेले. पण पोरीबरोबर कॅरम खेळलो."

पाय सुजलेले आणि तरी कॅरम! त्यांना हवा होता पुरावा, आपल्या हातून काही होतं याचा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरांनी १९७७ मध्ये हेच मांडलं, विश्वास सगळ्यात पक्का बसतो तो स्वतः निभावलेल्या कामातून, कुणी पाठ थोपटल्याने तेवढा नाही, आणि माझ्या खुर्चीवरून मी हे पुन्हा पुन्हा बघितलंय.

म्हणून ड्युटी संपली की एक ओळ लिहा, आज माझ्यामुळे काय सुटलं. अख्ख्या शहराचं ट्रॅफिक मोजू नका, आपली पाळी मोजा. माणसं कमी, सलग ड्युट्या, हे वरिष्ठांनी सोडवायचं, त्याचा दोष स्वतःला लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटला, म्हणजे कामाच्या ताणाने जीव विटण्याला, आजार न म्हणता कामाशी जोडलेली अवस्थाच म्हटलंय. पण झोप उडाली, दारू वाढली, जगणं नकोसं वाटलं तर डायरीवर थांबू नका, डॉक्टरांकडे जा, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ रात्रीसुद्धा चालू असतो.

ते मधे डायरी दाखवायला आले होते. एका पानावर एवढंच, "शाळेची व्हॅन बंद. ढकलून बाजूला. ७ मिनिटं."