भाऊबीजेला साठ माणसं जेवायला, त्यासाठी पर्सनल लोन घ्यावं का?

ताई, आधी उत्तर सांगून टाकतो. लोन नको, आणि एफडीही मोडू नका. कार्यक्रम मात्र करा. सासूबाईंची पंचाहत्तरी आणि भाऊबीज एकाच दिवशी, तिन्ही नणंदा, दीर, चुलत मंडळी सगळी गावी, हे वारंवार जमत नाही, त्यावर खर्च करण्यात काहीच चूक नाही. प्रश्न खर्च कशावर आणि कोणी करायचा एवढाच आहे.

बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ताई डोंबिवलीला राहतात, सासर कराडजवळच्या गावात, तिथं घर आहे आणि पुढे मोठं अंगण आहे. मिस्टरांचा पगार हातात ६४ हजार, होमलोनचा हप्ता २३ हजार, ताईंच्या ट्यूशनचे पैसे मुलांच्या फीमध्येच जातात. दिवाळीसाठी बाजूला ठेवलेले ३८ हजार आणि बोनस साधारण २० हजार येईल. बजेट काढलंय दीड लाखाचं. हॉल २२,०००, केटरर ४२० रुपये प्लेटनं साठ माणसांचे २५,२००, नणंदांच्या साड्या आणि ओवाळणी ३०,०००, घरच्यांचे कपडे २५,०००, फराळाचे डबे १२,०००, गाडी २१,००० आणि फोटोग्राफर-डेकोरेशन वगैरे १४,८००. ताईंचा प्रश्न असा की बँकेच्या ॲपवर १४ टक्क्यांनी दोन वर्षांचं दीड लाखाचं प्री-अप्रूव्हड लोन दिसतंय ते घ्यावं, की दीड लाखाची तीन वर्षांची एफडी मोडावी, जिची आठ महिनेच मुदत राहिलीय.

लोनचं गणित बघा. दीड लाख, १४ टक्के, २४ महिने, हप्ता बसतो साधारण ७,२०० आणि व्याज जातं २२,८०० च्या आसपास, त्यात प्रोसेसिंग फी २ टक्के धरली आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३,५४०, एकूण २६ हजारांच्या वर. तुमच्या केटररचं बिल २५,२०० आहे. म्हणजे साठ माणसं जेवली आणि वर बँकेलाही एक पंगत वाढली! आणि हप्ता दोन वर्षं चालणार, म्हणजे पुढची दिवाळी येईल तेव्हा या दिवाळीचे निम्मे हप्ते बाकीच असतील, तेव्हाही नणंदा येणार, मुलं कपडे मागणार, मग परत ॲप उघडणार. होमलोन धरून महिन्याला ३० हजार नुसते हप्त्यात, पगाराच्या जवळजवळ निम्मे. क्रेडिट कार्डावर टाकून दरमहा नुसती किमान रक्कम भरत राहण्याचा विचार तर मनातही आणू नका, तिथं वर्षाला ४० टक्क्यांच्या वर जातं आणि व्याजावर पुन्हा जीएसटी.

एफडी मोडणं त्या मानानं स्वस्त आहे हे खरं आहे, १ टक्का पेनल्टी धरली तर साडेतीन-चार हजारांचा फटका. नुसतं व्याज बघणारा कोणीही सांगेल की मोडा. पण तुमच्या मेलमध्ये दुसरी कुठलीच शिल्लक दिसत नाही. घरात ७५ वर्षांचं माणूस आहे, रात्री ॲडमिट करायची वेळ आली तर काउंटरवर आधी डिपॉझिट मागतात, मेडिक्लेमचं अप्रूव्हल यायला वेळ लागतो. ती एफडी दिवाळीची नाहीच, सासूबाईंचीच आहे असं समजा.

आता बजेट. जेवण आहे २५ हजार, दीड लाखाचा फक्त सहावा भाग. लोक जेवायला आणि भेटायला येणार, आणि सव्वा लाख भलतीकडेच जातोय. मिस्टरांना हॉल का हवाय ते मला कळतं, बाथरूम, पाऊस, चारचौघात आईचा मान. पण अंगण आहे, मंडपवाल्याकडून छोटा मंडप, खुर्च्या, पातेली-ताटं भाड्यानं घ्या, पाच-सहा हजारांत व्हावं. हॉल हवाच असेल तर २२ हजार देऊ नका. तुळशीचं लग्न लागल्याशिवाय लग्नांचे मुहूर्त सुरू होत नाहीत, त्यामुळे भाऊबीजेला बरीच मंगल कार्यालयं रिकामी असतात, अर्ध्या दिवसाचा रेट मागा, एसी नको म्हणा, घासाघीस करा, ऐकतील.

जेवणाला केटरर कशाला, गावातला आचारी बोलवा, मजुरी त्याची, किराणा आपला. मेनू साधा ठेवा, श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, कोशिंबीर, मसालेभात, मठ्ठा. माणशी दीडशे ग्रॅम श्रीखंड धरलं तरी ९ किलो लागतं, म्हणजे साडेचार-पाच किलो चक्का आणि जवळपास तेवढीच साखर. चक्का डेअरीला आठवडाभर आधी सांगून ठेवा, दिवाळीत ऐनवेळी मिळत नाही. मजुरी धरून १६ हजारांत बसेल असा माझा अंदाज आहे. वाढायला पोरं आहेतच घरात, मोबाईल काढून घ्या हातातले.

गाडीचे २१ हजार मला सगळ्यात जास्त खटकले. कोयना एक्सप्रेस कल्याणहून कराडला जाते, रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं. एसटीनं गेलात तर बायकांना राज्यात अर्धं तिकीट आणि ७५ पूर्ण झालेल्यांना फुकट, सासूबाईंचं आधार कार्ड जवळ ठेवा. खासगी बसनं जायचं झालं तर एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही असा सरकारी नियम आहे, दिवाळीत तो किती पाळतात ते तुम्हाला माहितीये. कराडहून गावापर्यंत जीप वगैरे धरून ८ हजार ठेवले तरी पुष्कळ.

कपडे फक्त मुलांना आणि सासूबाईंना, ८ हजार. फराळ घरी, जाऊबाई दोन दिवस आधी येणारच आहेत म्हणताय, सामानाचे ६ हजार. फोटोग्राफर काढून टाका, भाच्याच्या फोनमध्ये फोटो चांगले येतात. पण ओवाळणीला हात लावू नका. ३० हजार थोडे जास्त आहेत, तरी असू द्यात, नणंदा वर्षातून एकदा हक्कानं येतात आणि पाच हजार वाचवायला गेलात तर ते पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल. (सख्ख्या भावाच्या ओवाळणीवर बहिणीला इन्कम टॅक्स नसतो, रक्कम कितीही असो, हा प्रश्न दर दिवाळीला कोणीतरी विचारतंच.)

वरखर्चाला ५ हजार धरून एकूण झाले ७९ हजार. हातात ५८. आता खरा मुद्दा, जो तुम्ही मेलच्या शेवटच्या ओळीत घाईत लिहिलाय, की पुण्याच्या दिरांनी "निम्मा खर्च मी देतो" म्हणून फोन केला होता आणि मिस्टर "मोठा मी आहे, मी बघतो" म्हणाले. ताई, आई दोघांची आहे. धाकट्यालाही आईच्या पंचाहत्तरीला काहीतरी करावंसं वाटत असेल, त्याला नुसतं पाहुण्यासारखं जेवून जायला सांगणं हा मोठेपणा कसला? आणि मोठेपणा लोन काढून मिरवायचा, हे दिरांना नंतर कळलं तर त्यांनाच जास्त लागेल. जेवण, मंडप, वरखर्च मिळून २७ हजार होतात, त्याचे निम्मे साडेतेरा हजार त्यांच्याकडून घ्या, आनंदानं घ्या. ओवाळणी, कपडे, प्रवास ज्याचं त्यानं. नणंदांकडून मात्र वर्गणी मागू नका, भाऊबीज आहे.

राहिले साडेसात हजार. हातात दोन महिने आहेत, दोन पगारांतून पावणेचार-पावणेचार हजार काढणं अवघड नाही, बाहेरून मागवणं जरा कमी करा. अगदीच कुठे अडलं, आचारी ऐनवेळी फिरला, पाऊस आला, तर एफडी न मोडता तिच्यावर बँकेकडून ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागतील तेवढेच पैसे उचलायचे. व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त, म्हणजे ३० हजार चार महिने वापरले तरी हजाराच्या आसपासच जातं, आणि एफडी चालूच राहते.

७,२०० चा हप्ता भरायची तयारी तुम्ही केलीच होती ना, मग त्यातलेच ५ हजार दिवाळी झाल्यावर लगेच आरडीत टाकायला लागा, बारा महिन्यांत ६० हजार आणि वर थोडं व्याज जमतं, बोनस मिळाला की पुढची दिवाळी निघाली.

मिस्टरांना हे आकडे दाखवा, पण लोन नको हे आधी सांगू नका, आधी दिरांना फोन लावून द्या त्यांच्या हातात. आणि कोयनेचं रिझर्वेशन आजच बघा, परतीचंही, भाऊबीजेनंतरची तिकिटं आधी संपतात.