दार बंद, तरी विषाणू आत कसा?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळच्या एका नर्सिंग होममध्ये परिचारिका आहे. २०२० मध्ये नातेवाइकांच्या भेटी बंद केल्यावरही तिथे कोरोना पसरतच राहिला, असे ती सांगते. हे कसे घडले? आणि एकाच इमारतीत फिरताना हा विषाणू बदलतो का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटे खासगी रुग्णालय, अमेरिकेत मात्र ज्यांना उठण्याबसण्यालाही मदत लागते अशा वृद्धांचे आणि आजाऱ्यांचे ते राहते घर असते. निम्मे उत्तर या फरकातच आहे. एकाला कुशीवर वळवायचे, दुसरीची कवळी धुवायची, तिसऱ्याला घास भरवायचा. काळजीवाहकाचे यातले एकही काम लांबून होत नाही, आणि ते उरकून तो लगेच शेजारच्या खोलीत जातो.

तुमच्या मुलीच्या परिसरातलेच उदाहरण घ्या. सिअ‍ॅटलजवळच्या कर्कलंड येथील एका संस्थेशी निगडित १६७ बाधित १८ मार्च २०२० पर्यंत नोंदले गेले. त्यांत १०१ रहिवासी, ५० कर्मचारी आणि केवळ १६ भेटीला आलेले लोक होते. काही कर्मचारी लक्षणे असतानाही कामावर आले होते आणि काही जण एकाहून अधिक संस्थांत काम करत होते, असे तपासात दिसले. त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु तुटपुंज्या पगारामुळे दोन ठिकाणी राबणाऱ्याला अंग मोडून आले म्हणून घरी बसणे परवडत नाही.

कर्कलंड ज्या किंग काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) येते, तिथल्याच दुसऱ्या एका संस्थेत लक्षणे असोत वा नसोत, ७६ रहिवाशांची सरसकट चाचणी केली, तेव्हा ४८ जण बाधित निघाले. त्यांपैकी २७ जणांना चाचणीच्या दिवशी कोणतीही लक्षणे नव्हती. पुढे त्यांतील २४ जणांना ती दिसू लागली. ताप-खोकला पाहून विलगीकरण करण्याची पद्धत अपुरी का पडली, हे एवढ्यावरून कळते.

आता बदलाविषयी. या विषाणूच्या जनुकक्रमात, म्हणजे त्याच्या घडणीच्या सांकेतिक मजकुरात, सुमारे ३०,००० अक्षरे असतात आणि माणसामाणसांतून पसरताना त्यांत महिन्याकाठी साधारण दोन बदल साठतात. म्हणजे काही आठवड्यांच्या उद्रेकात तो फारसा वेगळा होत नाही. वरील दुसऱ्या संस्थेतील ३४ रहिवाशांच्या नमुन्यांचा जनुकक्रम वाचला असता २७ नमुने दोन गटांत बसले आणि त्या गटांत फरक होता फक्त एका अक्षराचा. संसर्ग आतल्या आत फिरत होता, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल. प्रत्येक जण बाहेरून वेगळा विषाणू घेऊन आला असता, तर फरक अधिक दिसले असते. मोठे बदल साठण्याचा धोका असतो तो एकाच शरीरात संसर्ग महिनोन्‌महिने टिकला तर, आणि असे मुख्यतः प्रतिकारशक्ती अगदी क्षीण झालेल्या रुग्णांत घडते. निव्वळ वय झाले म्हणून नव्हे.

बदललेला विषाणू बहुधा बाहेरूनच येतो. केंटकी राज्यातील एका नर्सिंग होममध्ये २०२१ मध्ये आर.१ या प्रकाराचा उद्रेक झाला. तिथे ९० टक्के रहिवाशांनी लस घेतली होती, कर्मचाऱ्यांपैकी मात्र जेमतेम निम्म्यांनी. लस न घेतलेल्या रहिवाशांत चौघांपैकी तिघे बाधित झाले, तर पूर्ण लस घेतलेल्यांत चौघांपैकी एक. विषाणू आत आला होता तो लक्षणे असलेल्या, लस न घेतलेल्या एका कर्मचाऱ्याबरोबर.