शेळीच्या श्वासातला पाला मोजायचा, तर शिकायचं काय?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. पाला खाणाऱ्या जनावरांच्या रक्तात आणि श्वासात त्या पाल्यातलं काय काय उतरतं, ते मोजायचंय म्हणते. मी म्हणतो, व्हेटर्नरी कर. घरी द्राक्षबाग आणि चार शेळ्या आहेत. या मोजणीवर पोट भरेल का? – एक पालक, तासगाव

उत्तर : नमस्कार. मुलीचं हे खूळ नाही. ऑस्ट्रेलियातला पॉसम हा झाडावर राहणारा, पिल्लं पिशवीत वाढवणारा प्राणी निलगिरीचा पाला खातो. त्यातलं सिनिओल हे तेल रक्तात ठरावीक पातळीला पोचलं की तो तोंड आवरतो, हे रक्त तपासूनच कळलं. हे तेल उडणारं, म्हणून फुफ्फुसांतून श्वासातही येतं; नाक्यावर पोलीस तळीरामाला फुंकायला लावतात, तत्त्व तेच. शेळीत मात्र गोम आहे. ती ढेकर देते आणि तो वायू थोडाफार पुन्हा तिच्याच फुफ्फुसात जातो. मग श्वासात सापडलेलं तेल रक्तातून आलं की कोठीपोटातून, म्हणजे चारा आंबतो त्या पहिल्या पोटातून? रक्ताचा नमुना जोडीला नसेल तर सांगता येत नाही. सुबाभळीतलं मिमोसिन हे विषारी द्रव्य तर उडतच नाही. ते खाऊन जनावराचे केस गळले, तरी शोध रक्तात आणि लघवीतच घ्यावा लागतो.

आता पोटाचं. ‘पाला मोजणारा पाहिजे’ अशी जाहिरात कधी येणार नाही. हे पीएचडीनंतरचं काम, म्हणून पहिली पदवी स्वतःच्या पायावर उभी राहणारी हवी. तुमच्या निर्यातीच्या द्राक्षांचा रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे उरलेल्या फवारणीच्या औषधांचा अहवाल, रसायनं वेगळी करून ओळखणाऱ्या ज्या जीसी-एमएस, एलसी-एमएस यंत्रांवर निघतो, तीच यंत्रं इथेही लागतात. त्यामुळे बीएस्सी केमिस्ट्री आणि पुढे अनॅलिटिकल केमिस्ट्री केली, तरी ती रिकामी बसणार नाही.

तरीही माझं मत तुमच्या बाजूला झुकतं. पशुवैद्याला यंत्र पुढे शिकता येतं. केमिस्टला मात्र प्रत्येक नमुन्यासाठी पशुवैद्याकडेच जावं लागतं. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रवेश नीटवर, कोर्स इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा. पुढे एमव्हीएस्सीला, म्हणजे पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर पदवीला, पशुपोषण किंवा औषध व विषशास्त्र घ्यावं. नीटचे गुण कमी पडले तर वर्षामागून वर्षं घालवू नका, सरळ केमिस्ट्रीला जा.

त्याआधी तिला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चार दिवस उभं राहू द्या. शेणामुताचा वास आणि ओरडणारं जनावर सोसत नसेल, तर माझं वरचं मत बाजूला ठेवा. आणि घरच्या शेळ्यांना सुई टोचून प्रयोग नकोत. संशोधनासाठी रक्त काढायला संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची परवानगी लागते.