वाचकांचे प्रश्न : घराचे आवाज आणि त्यांची कविता

प्रश्न : दर्यापूर तालुक्यातील आमचे कवेलूंचे (कौलांचे) जुने घर दिवाळीनंतर पाडायचे आहे. त्यापूर्वी सपरीतल्या बंगईच्या (झोपाळ्याच्या) कड्या, आईचे भाकरी थापणे, कोठ्यातल्या गाईची घंटी असे रोजचे आवाज मोबाइलवर टिपून त्यांच्यासोबत कविता लिहाव्यात, असे मनात आहे. परंतु ध्वनिमुद्रणात नुसती घरघर ऐकू येते आणि कविता त्या आवाजांचे वर्णन होऊन बसते. काय चुकत असावे?

उत्तर : घरघर बहुधा पंख्याची किंवा कूलरची असावी, आपला कान सवयीने ती वगळतो, फोन वगळत नाही. वीज गेली की घरातले सगळे कावतात, आपण मात्र तेवढ्यात मुद्रण उरकून घ्यावे. फोन घडी केलेल्या टॉवेलवर, आवाजापासून हातभर अंतरावर ठेवावा आणि शक्य असल्यास वेव्ह (WAV, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या) स्वरूपात मुद्रण करावे. ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, मोनो (एकाच वाहिनीचे) असे मुद्रणाच्या ॲपमध्ये ठेवल्यास मिनिटाला सुमारे ५ एमबी जागा लागते.

घरच्यांना आधी सांगावे, संमती घ्यावी आणि मग फोन अर्धा तास तसाच चालू ठेवावा. मी एकदा काकूंसमोर फोन धरून "आता बोला" म्हटले, तर जन्मभर वऱ्हाडीत बोललेल्या काकू एकदम आकाशवाणीच्या बातम्यांसारख्या बोलू लागल्या. ते मुद्रण कुठल्याच कामाचे उरले नाही.

आता कवितेविषयी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आणि त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. कागदावर ओवीचे शब्द राहतात, पण बाईला दम लागून ती कोठे थांबली हे मुद्रणातच कळते. आपल्याकडे मुद्रण आहेच, तेव्हा कड्या कशा कुरकुरतात हे कवितेने पुन्हा सांगण्याचे कारण नाही. फोनला जे कळले नाही, ते तिने सांगावे. त्यासाठी ६, ६, ६ आणि ४ अक्षरांच्या चरणांचा, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक असणारा मोठा अभंग सोयीचा आहे, कारण त्याच्या २२ अक्षरांत वर्णनाला फारशी जागाच उरत नाही. नमुन्यादाखल :

तुराटी पेटली, भाकर थापली,
माय ना बोलली, कोणाशीच.

मुद्रणात तुराट्यांची (तुरीच्या वाळल्या काड्यांची) तडतड आणि थापण्याचा आवाज येईल. मधली शांतता मात्र नुसती मोकळी जागा वाटेल. माय त्या दिवशी का बोलली नाही, हे आपल्यालाच ठाऊक असणार. घरात 'माय' म्हणत असाल, तर छापताना तिची 'आई' करू नये.

सामान हलवल्यावर रिकाम्या घराचीही पाच मिनिटे टिपून ठेवावीत. कवेलूंच्या फटींतून निसटणारा आवाज स्लॅबच्या खोलीत घुमू लागतो, त्यामुळे हीच बंगई नव्या घरात टांगली, तरी तिच्या कड्या वेगळ्याच वाजतील.