जनुकीय समुपदेशनाचा प्रबंध: विद्यार्थ्यांचे प्रश्न आणि उत्तरे

सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, सादर करण्याचे दिवस जवळ आले की सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील, जनुकीय समुपदेशन (कुटुंबांना आनुवंशिक आजारांविषयी समजावून सांगणे) हा विषय घेतलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची पत्रे येऊ लागतात, आणि त्यांतला गोंधळ बहुतेक वेळा तोच असतो. म्हणून या वेळी निवडक प्रश्नांना एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न (कराड): ‘थॅलेसेमिया आणि समाजजागृती’ हा विषय प्रबंधासाठी चालेल का?

हे व्याख्यानाचे शीर्षक झाले. प्रबंधाला उत्तर शोधता येईल असा नेमका प्रश्न लागतो. आई-वडील दोघेही बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक (म्हणजे सदोष जनुक बाळगणारे, पण स्वतः सहसा आजारी नसलेले) असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. पुष्कळ जोडपी याचा अर्थ ‘चारांतले एक आजारी, ते होऊन गेले, आता पुढची तीन सुखरूप’ असा लावतात. समुपदेशनानंतर हा गैरसमज कितीजणांच्या मनात उरतो आणि काही महिन्यांनी तो पुन्हा डोके वर काढतो का, एवढे तपासले तरी उत्तम प्रबंध होईल. अशी जोडपी तुमच्या रुग्णालयात पुरेशी येतात का, हे मात्र ओपीडीच्या नोंदी पाहून मार्गदर्शकांशी आधी बोलून घ्या.

प्रश्न (मिरज): नुसती प्रश्नावली भरून घ्यायची असेल तर नैतिकता समितीची (संशोधनात सहभागींचे हित जपले जाते का हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी लागत नाही, असे सीनियर सांगतात. खरे आहे का?

नाही. सूट द्यायची की नाही हेदेखील समितीच ठरवते, आणि तेही पहिली प्रश्नावली भरण्यापूर्वी.

प्रश्न (तासगाव): आमच्या गावातील एका कुटुंबात ड्युशेन स्नायुविकार (मुख्यतः मुलग्यांचे स्नायू दुबळे करत जाणारा आनुवंशिक आजार) आहे. नावे काढून त्यांची वंशावळ प्रबंधात द्यायची आहे. आजोबांनी तोंडी होकार दिला आहे. तेवढे पुरेल का?

पुरणार नाही, आणि याविषयी सविस्तर लिहिणे मला भाग आहे, कारण प्रबंधामुळे एखाद्या घराचे नुकसान होते ते बहुधा इथेच. वंशावळीतून नावे काढली तरी गाव राहते, चौकोन (पुरुष) आणि वर्तुळांची (स्त्रिया) संख्या राहते, मुलांची वये राहतात, आणि मामाच्या मुलीशी लग्न झालेले असेल तर जोडप्यामधली दुहेरी रेघही राहते. दोन-तीन हजार वस्तीच्या गावात एक मामा आणि दोन भाचे व्हीलचेअरवर आहेत एवढे वाचल्यावर घर ओळखायला आडनाव लागत नाही. या आजाराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे त्या मुलांच्या बहिणी आणि मावश्या वाहक असू शकतात. म्हणजेच ज्यांना तुम्ही कधी विचारलेलेच नाही, अशा लग्नाच्या वयाच्या मुलींवर तुमचा प्रबंध शिक्का मारतो. आजोबांचा होकार हा फक्त आजोबांचा असतो, नातीचा नसतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 7 ते 18 वर्षांच्या मुलांची पालकांच्या संमतीखेरीज स्वतःची सहमतीही घ्यावी लागते. शिवाय ओळखीच्या माणसाला तोंडावर नाही म्हणणे गावात कोणालाही जड जाते. म्हणून संमती तुम्ही न घेता त्रयस्थ व्यक्तीने घ्यावी आणि ती लेखी असावी. गाव आणि तालुका गाळा, प्रश्नाशी संबंध नसलेल्या शाखा वगळा, परंतु ओळख लपवण्यासाठी भावाच्या जागी बहीण दाखवू नका. ते खोटे संशोधन होईल. घरात कोणी गरोदर असेल तर ती नोंद केवळ ‘पी’ लिहिलेल्या समभुज चौकोनाने, म्हणजे लिंग न दाखवणाऱ्या चिन्हाने, करा. गर्भलिंग उघड करण्यास 1994 च्या कायद्याने बंदी आहे. हा सगळा आराखडा समितीपुढे ठेवून मंजुरी मिळेपर्यंत त्या घरी वही-पेन घेऊन जाऊ नका.

प्रश्न (विटा): एक खासगी प्रयोगशाळा सहभागींच्या जनुकीय चाचण्या मोफत करून द्यायला तयार आहे. स्वीकारावे का?

नमुने आणि माहिती पुढे कोणाकडे राहणार, अर्थ अनिश्चित असलेला बदल आढळल्यास तो कुटुंबाला कोण समजावणार, आणि खात्रीच्या चाचणीचा खर्च कोण करणार, हे आधी लेखी मागा. मोफत चाचणीच्या अहवालाने घाबरलेल्या माणसाला पुढे महागडे पॅकेज विकणे हा धंदा आहे आणि त्याला तुमच्या प्रबंधाचे नाव मिळता कामा नये. संस्थेचा करार आणि समितीची मंजुरी नसेल तर रक्ताचा थेंबही देऊ नका.

प्रश्न (फलटण): सहभागी 100 ठेवले आहेत. सांख्यिकी बाहेरून पैसे देऊन करून घेऊ का?

शंभर हा आकडा कुठून आला, ते आधी सांगा. नमुन्याची संख्या प्रश्नावरून आणि अपेक्षित फरकावरून काढतात. मुलाखतींच्या अभ्यासात तर नवीन मुद्दे येणे थांबले की थांबतात. सांख्यिकीतज्ज्ञाला माहिती गोळा करण्यापूर्वी भेटा. हवा तो निष्कर्ष काढून देतो म्हणणाऱ्याच्या दारात जाऊ नका.

प्रश्न (सातारा): सादरीकरणाला पाच महिने उरले आहेत. इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणायची आहे, पण मार्गदर्शकांना अजून काहीच दाखवलेले नाही.

भाषांतर एकाने करावे, ते मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दुसऱ्याने परत इंग्रजीत न्यावे, दोन्ही ताडून पाहावेत आणि मग थोड्या लोकांवर चाचपणी करावी. याला आठवडे लागतात. शिवाय समितीची बैठक तुमच्या सोयीने भरत नाही. कच्चा मसुदा असेल तसा घेऊन उद्याच मार्गदर्शकांना भेटा.